फ्लश ओतला, तर ऑईल उतरवलंच पाहिजे

इंजिन फ्लशचा डबा आणायचा, ऑईलच्या झाकणातून आत ओतायचा आणि तेच ऑईल ठेवून पुढचे दोन-तीन हजार किलोमीटर गाडी चालवायची, असा सल्ला आज सर्रास दिला जातो. देणारा बहुधा भल्या हेतूनेच देतो. ऑईल अजून नवं आहे, त्याचे हजार-दोन हजार रुपये कशाला फेकायचे. घाण सुटेल ती फिल्टरमध्ये अडकेल. द्रावण गरम इंजिनात उडून जाईल. हिशेब काटकसरीचा वाटतो, आणि हप्ते फेडून गाडी घेतलेल्या माणसाच्या काटकसरीला मी नावं ठेवणार नाही. पण या हिशेबातलं एकेक विधान इंजिनाच्या आत काय घडतं याच्याशी ताडून पाहिलं, तर त्यातलं एकही उभं राहत नाही. वाचतात हजार-दोन हजार रुपये आणि पणाला लागतात क्रँकची बेअरिंग, ऑईल पंप आणि असेल तर टर्बो.

आधी डब्यात काय असतं ते पाहू. झटपट सफाई करणारे बहुतेक फ्लश म्हणजे रॉकेलच्या जवळपासच्या जातीचा हलका पेट्रोलियम द्रव आणि त्यात मिसळलेली धुण्याची रसायनं. वापरायची रीतही जवळजवळ सगळीकडे एकच: इंजिन गरम करा, द्रावण जुन्या ऑईलमध्ये ओता, गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन पाच-दहा मिनिटं चालू ठेवा, मग ऑईल आणि फिल्टर दोन्ही बदला. आपल्याकडे मिळणाऱ्या लिक्वी मोली या जर्मन कंपनीच्या प्रो-लाईन फ्लशचा अर्धा लिटरचा डबा पाच लिटरपर्यंतच्या ऑईलसाठी असतो आणि दहाएक मिनिटांनी ऑईल काढायला सांगतो. म्हणजे बनवणाऱ्यानेच हा पदार्थ निघून जाणाऱ्या ऑईलसाठी बनवला आहे. राहणाऱ्या ऑईलमध्ये तो टाकायचा, ही भर आपली.

‘कंपनीला ऑईल खपवायचं असतं, म्हणून तसं लिहितात’ हे उत्तर मला ठाऊक आहे. तेव्हा कंपनीचं म्हणणं बाजूला ठेवू आणि नुसते आकडे बघू. ज्या ऑईलवर 5डब्ल्यू-30 लिहिलेलं असतं, त्याचा दाटपणा 100 अंश सेल्सिअसला 9.3 ते 12.5 सेंटिस्टोकच्या दरम्यान असावा लागतो. त्याखाली, 6.9 ते 9.3 हा 20 क्रमांकाचा पट्टा. रॉकेलचा दाटपणा त्याच तापमानाला एक सेंटिस्टोकही भरत नाही. साडेदहा सेंटिस्टोकच्या पाच लिटर ऑईलमध्ये असा अर्धा लिटर द्रव मिसळला, तर मिश्रण साडेसातच्या आसपास येतं. म्हणजे 30 चं ऑईल एका झटक्यात 20 च्या पट्ट्यात जातं, तेही त्याच्या खालच्या अंगाला. वापरलेलं ऑईल तपासणाऱ्या प्रयोगशाळा त्यात दोन ते पाच टक्के इंधन दिसलं की धोक्याची खूण करतात. इथे आपण स्वतःच्या हातांनी नऊ टक्के घातलेले असतात.

यावर हुशार माणसाकडून एक प्रश्न येतो: हल्लीच्या कितीतरी गाड्यांत कंपनीच 0डब्ल्यू-20 किंवा 0डब्ल्यू-16 भरते, मग पातळ ऑईलने बिघडतं काय? प्रश्न चांगला आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं. त्या इंजिनांच्या बेअरिंगची रुंदी, त्यांच्यातली फट, ऑईल पंपाची क्षमता आणि त्या ऑईलमधली झीज रोखणारी रसायनं, हे सगळं पातळ ऑईल गृहीत धरून ठरवलेलं असतं. तुमच्या इंजिनाची आखणी 30 धरून झाली आहे. शिवाय 20 क्रमांकाचं अस्सल ऑईल आणि फ्लशने पातळ झालेलं 30 चं ऑईल ही एकच गोष्ट नव्हे. दुसऱ्यात झीज रोखणारं झिंकचं रसायनही त्याच प्रमाणात विरळ झालेलं असतं. वर धुण्याचं जादा रसायन धातूच्या पृष्ठभागावर जागा मिळवण्यासाठी त्याच्याशी झगडू लागतं. ऑईलमधली रसायनं एकमेकांना तोलून मिसळलेली असतात. बाहेरून एकाचं प्रमाण वाढवलं, की दुसऱ्याचं काम उणं पडतं.

जागेवर उभ्या गाडीत हे दहा मिनिटं चालून जातं, कारण इंजिनावर भार नसतो. म्हणून तर डब्यावर गाडी हलवू नका असं लिहिलेलं असतं. तीच गाडी पाच माणसं, डिकीत सामान आणि एसी लावून मे महिन्यात खंबाटकी किंवा कसारा चढू लागली, की कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर येणारा दाब कितीतरी पटींनी वाढतो. तिथे धातूला धातूपासून वेगळं ठेवणारा ऑईलचा थर काही मायक्रॉनचा, कधी त्याहूनही कमी असतो. टर्बोच्या दांड्याचे फेरे मिनिटाला लाखाच्या पलीकडे जातात आणि तोही ऑईलच्या थरावरच तरंगत असतो. तो थर नऊ टक्के रॉकेलसदृश द्रवावर तोलून धरायचा, याला मी काटकसर म्हणणार नाही.

आता फिल्टर. या वादात सगळ्यात जास्त भरवसा फिल्टरवर टाकला जातो आणि तोच सगळ्यात अस्थानी आहे. गाडीचा नेहमीचा कागदी फिल्टर साधारण वीस-तीस मायक्रॉन आणि त्यावरचे कण नीट पकडतो. काजळीचे कण सुटे असतात तेव्हा एका मायक्रॉनच्याही खाली असतात. विरघळलेला गाळ आणि द्रावण यांना तर आकारच नसतो. ते ऑईलसोबत फिल्टरमधून जातात, परत येतात, पुन्हा जातात. फिल्टर खरोखरच तुंबला तर त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो, कारण बेअरिंगला ऑईलच न मिळण्यापेक्षा न गाळलेलं ऑईल मिळणं परवडतं. म्हणजे घाण जास्त सुटली, फ्लशने अगदी चोख काम केलं, तर नेमकं तेव्हाच फिल्टर वाटेतून दूर होण्याची शक्यता असते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट फिल्टरच्या जागेची आहे. ऑईल चेंबरमधून आधी स्ट्रेनरच्या जाळीतून वर ओढलं जातं, मग पंपात जातं आणि त्यानंतर फिल्टरमध्ये. हेडवरून किंवा चेंबरच्या तळातून गाळाचा लपका सुटला, तर तो आधी स्ट्रेनरवर जाऊन बसतो. फिल्टर फार पुढे आहे, त्याच्यापर्यंत हा लपका पोहोचतच नाही. जाळी अर्धी बुजली की पंपाला ओढायला ऑईल अपुरं पडतं आणि डॅशबोर्डवरचा ऑईलचा लाल दिवा लागतो, आधी लुकलुकत, मग कायमचा. ऑईल लगेच उतरवलं तर सुटलेल्या गाळाचा बराचसा भाग ड्रेन नटातून बाहेर येतो. नाही उतरवलं, तर तो गाळ आणि ती जाळी यांना हजारो किलोमीटर एकत्र ठेवल्यासारखं होतं.

गाळ ही काल्पनिक भीती आहे असं मी म्हणत नाही. टोयोटाच्या 1997 ते 2002 दरम्यानच्या तीन लिटरच्या व्ही-6 आणि 2.2 लिटरच्या चार सिलिंडरी इंजिनांत गाळ साठून इंजिनं निकामी झाल्याच्या तक्रारी अमेरिकेत इतक्या वाढल्या, की 2002 मध्ये कंपनीने सुमारे 33 लाख मालकांना पत्रं पाठवली आणि ठरावीक अटींवर दुरुस्तीचा भार उचलला. गाळाने नामांकित इंजिनंही मरतात. पण ती मरतात ऑईलच्या वाटा बंद झाल्यामुळे. चिकटून बसलेला गाळ सोडवून त्याच वाटांवर फिरत ठेवणं हा त्या मरणावरचा उपाय होऊ शकत नाही.

‘द्रावण उडून जातं’ हे तिसरं विधान. पेट्रोलबद्दल ते बऱ्याच अंशी खरं आहे. पेट्रोलचे हलके घटक चाळीसेक अंशांपासूनच उकळू लागतात, आणि लांबच्या प्रवासात ऑईल चांगलं तापलं की ते वाफ होऊन, चेंबरमधली वाफ पुन्हा इंजिनात नेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हच्या वाटेने, इंजिनात जळून जातात. रॉकेल साधारण 150 ते 300 अंशांच्या पट्ट्यात उकळतं आणि डिझेलची वरची हद्द त्याच्याही पुढे असते. चेंबरमधलं ऑईल नव्वद ते एकशेदहा अंशांवर असतं. तिथे हे द्रव उडतात ते कणाकणाने, आठवडे घेत. याचा पुरावा हवा असेल तर बीएस-6 डिझेल गाड्यांकडे पाहा. 1 एप्रिल 2020 नंतरच्या या गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर जाळून साफ करण्यासाठी जादा डिझेल फवारलं जातं आणि त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं. पुण्या-मुंबईच्या तुंबलेल्या रहदारीत रोज आठ-दहा किलोमीटर चालणाऱ्या अशा गाड्यांची डिपस्टिक काढली, तर ऑईलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते. उडून जाणं इतकं सोपं असतं, तर ती पातळी वाढलीच नसती. आणि द्रावण उडालं असं क्षणभर धरलं, तरी सोडवलेला गाळ कुठे उडणार?

तो गाळ ऑईलमध्येच राहतो आणि ऑईलचं उरलेलं आयुष्य खातो. ऑईल काळं पडणं ही वाईट खूण आहे असा समज आहे. खरं तर घाण तरंगत ठेवणारी रसायनं आपलं काम करत असल्याची ती खूण असते. 1930 च्या दशकात कॅटरपिलरच्या डिझेल इंजिनांत पिस्टनच्या रिंगा चिकटून बसू लागल्या आणि त्यावर उपाय शोधताना धुण्याचा गुण असलेली ऑईलं पुढे आली. तेव्हापासून चांगल्या ऑईलमध्ये सफाईचा बंदोबस्त आतच असतो. पण त्याला मर्यादा आहे. एक लिटर ऑईल ठरावीक काजळी तरंगत ठेवू शकतं, ठरावीक आम्ल मारू शकतं. दहा हजार किलोमीटरमध्ये हळूहळू यायची तेवढी घाण फ्लशने दहा मिनिटांत त्याच्या अंगावर टाकली, तर हजार किलोमीटर चाललेलं ऑईलही त्या दिवसापासून जुनं झालं. त्याचं वय किलोमीटरवर मोजणं तिथे संपतं.

म्हणून या सल्ल्याचं जे रूप मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे: सर्व्हिसिंग झालं, नवं ऑईल भरलं, आणि आठ दिवसांनी कुणीतरी सांगितलं म्हणून त्यात फ्लश ओतला. आत गाळ असेल अशी शंका असेल आणि ऑईल नवं असेल, तर नव्या ऑईललाच धुऊ द्या. ते अर्ध्या मुदतीत उतरवा, पुन्हा तेच करा. दोन-तीन छोट्या मुदतींत चांगलं ऑईल जी सफाई करतं ती सावकाश असते, लपके सुटत नाहीत, स्ट्रेनरही शाबूत राहतो. खूप जुन्या, कधीच वेळेवर सर्व्हिसिंग न झालेल्या इंजिनासाठी तर मी कुठल्याही डब्यापेक्षा हीच वाट सांगेन.

‘आमचे जुने मिस्त्री इंजिन रॉकेलने धुवायचे, काय झालं?’ असंही सांगितलं जातं. धुवायचे, खरं आहे. मॅटाडोर, अॅम्बेसेडर, जुन्या जीपा यांच्या काळात ऑईलं आजच्यासारखी नव्हती, गाळ भरपूर साठायचा, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय किंवा पुण्याच्या नाना पेठेत काय, डिझेल-रॉकेलने इंजिन धुण्याची रीत होती. आजच्या इंजिनात मी ती मुळीच करू देणार नाही. पण ती रीत नीट आठवून पाहा. मिस्त्री आधी जळकं ऑईल सोडायचा. मग डिझेल भरायचा, इंजिन थोडं फिरवायचा, ते सगळं उतरवायचा, निथळायला वेळ द्यायचा आणि मगच नवं ऑईल भरायचा. रॉकेल आत ठेवून गाडी मालकाच्या हाती देणारा मिस्त्री मी ऐकलेला नाही. त्यांच्या अनुभवाचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा.

मोटारसायकलचा मुद्दा वेगळा काढतो, कारण महाराष्ट्रात चारचाकीपेक्षा दुचाकी कितीतरी जास्त आहेत आणि हा सल्ला तिथेही पोहोचला आहे. आपल्याकडच्या बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना एकच ऑईल पुरवलं जातं. शंभर सीसीच्या गाडीत ते जेमतेम लिटरभर असतं. जपानच्या जासो या संस्थेचं एमए किंवा एमए-2 हे मानक डब्यावर असतं ते एवढ्यासाठीच, की त्या ऑईलमध्ये क्लचच्या प्लेटा घसरू नयेत. मोटारीसाठी बनवलेलं सफाईचं द्रावण त्या लिटरभर ऑईलमध्ये ठेवून दिलं, तर दाटपणा कमी झाल्याने गिअरच्या दातांवरचा थर फाटतो आणि क्लचची पकड बिघडू शकते. रोज चाळीस-पन्नास किलोमीटर कामावर जाणाऱ्या माणसाची ती एकुलती एक गाडी असते. तिच्या बाबतीत माझं म्हणणं आणखी कडक आहे: फ्लश टाकूच नका, ऑईल वेळेवर बदला. लिटरभर तर ते.

आणखी एका जातीच्या इंजिनांचा उल्लेख करायलाच हवा. काही नव्या इंजिनांत टायमिंग बेल्ट ऑईलमध्येच भिजत फिरतो. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट इंजिन, जे आपल्याकडे इकोस्पोर्टमध्ये आलं, ते या जातीचं. रबराच्या बेल्टला ऑईलमध्ये मिसळलेलं इंधन किंवा द्रावण मानवत नाही. तो फुगतो, त्याचे तुकडे सुटतात आणि तेच तुकडे स्ट्रेनरवर जमतात. अशा इंजिनात फ्लश राहू देणं तर सोडाच, टाकायच्याही आधी मालकाच्या पुस्तिकेत काय लिहिलं आहे ते वाचावं.

माझ्या बाजूनेही कधीकधी अतिरेक होतो आणि तो खोडून काढणं मला आवश्यक वाटतं. पेट्रोलच्या टाकीत टाकायचं इंजेक्टर क्लीनर आणि ऑईलमध्ये टाकायचा फ्लश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाकीत बाटली टाकली म्हणून लगोलग ऑईल उतरवा, असं सांगणारेही भेटतात. त्या बाटलीतलं पॉलिइथरअमाईन हे सफाईचं रसायन पेट्रोलसोबत इंजेक्टरमधून जातं आणि बहुतांश जळतं. थोडासा अंश रिंगांवरून खाली ऑईलमध्ये उतरतो आणि तो सहजी उडत नाही, हे खरं. पण एका टाकीत एक बाटली, सांगितलेल्या प्रमाणात, एवढ्यासाठी चांगलं ऑईल फेकायचं कारण नाही. ती बाटली ऑईल बदलायच्या आधीच्या शेवटच्या टाकीत टाकली की प्रश्नच मिटतो. एकामागून एक तीन-चार टाक्यांत बाटल्या रिचवल्या असतील, तर मात्र बदलाची तारीख अलीकडे घ्यावी. तसंच, सावकाश सफाई करणारे काही पदार्थ ऑईल बदलण्यापूर्वी शे-दोनशे किलोमीटर गाडीत राहण्यासाठीच बनवलेले असतात. त्यांची रसायनं वेगळी, मुदत वेगळी. त्या मुदतीच्या शेवटीही ऑईल उतरवायचंच असतं, हे मात्र विसरलं जातं.

पावसाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. कोकणात किंवा मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये ऑईलचं झाकण उघडलं की आतून पांढरट-पिवळा, लोण्यासारखा थर दिसतो आणि माणूस घाबरून फ्लश आणायला धावतो. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल, तर तो बहुतेक वेळा दमट हवेतल्या पाण्याचा आणि ऑईलचा फेस असतो. कूलंट कमी होत नसेल आणि डिपस्टिकवरचं ऑईल स्वच्छ असेल, तर गाडी तासभर महामार्गावर चालवली की तो जातो. तिथे फ्लशचं कामच नाही. कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅसकेट तपासायला हवं, आणि तिथेही फ्लशचं काम नाही.

ज्यांनी आधीच फ्लश टाकून गाडी चालवली आहे, त्यांनी किती किलोमीटर झाले याचा हिशेब करत बसू नये. गरम इंजिनातून ऑईल उतरवावं, नटातून थेंब थांबेपर्यंत निथळू द्यावं, फिल्टर बदलावा. तरीही इंजिनाच्या वाटांमध्ये थोडं जुनं ऑईल आणि थोडं द्रावण राहतंच. म्हणून पुढचा बदल नेहमीच्या अर्ध्या मुदतीत करावा. दरम्यान लाल दिवा क्षणभर जरी लुकलुकला, तरी तिथेच इंजिन बंद करावं आणि गाडी ओढून न्यावी.

राहिला वाया जाण्याचा आक्षेप, आणि तो मला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त गंभीर वाटतो, कारण त्यात पैशांसोबत पर्यावरणाचीही काळजी आहे. चार लिटर जवळजवळ नवं ऑईल फेकणं चूकच आहे. पण ते फेकावं लागतं ते चुकीच्या वेळी फ्लश टाकल्यामुळे. मुदत भरत आलेल्या ऑईलमध्ये टाकला असता, तर एक थेंबही जास्तीचा गेला नसता. उतरवलेल्या ऑईलचं पुढे काय होतं, हाही याच काळजीचा भाग. जळकं ऑईल हा कायद्याने घातक कचरा आहे, आणि वापरलेलं ऑईल गोळा करून त्यातून पुन्हा बेस ऑईल काढण्याची जबाबदारी एप्रिल 2024 पासून आपल्याकडे उत्पादकांवरही आली आहे. पण गावोगावच्या गॅरेजमधून ते अजूनही सेंटरिंगच्या प्लेटांना लावायला किंवा भट्टीत जाळायला जातं. फ्लश मिसळलेलं ऑईल त्या कामांसाठी आणखी वाईट, कारण निव्वळ इंजिन ऑईलची वाफ दोनशे अंशांच्या वर पेट घेते, आणि रॉकेलसारखा द्रव मिसळला की ती हद्द फार खाली येते. गॅरेजमध्ये ते वेगळ्या, झाकणबंद पिंपात ठेवायला सांगा आणि परवानाधारक गोळा करणाऱ्याकडेच द्या. नव्या ऑईलचे पैसे मोजताना एवढं विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे.